टाकीत कोण उतरलं होतं

स्क्रूड्रायव्हरचं टोक थर्मोस्टॅटच्या डब्यावर टेकवायचं, मूठ उजव्या कानाशी धरायची आणि डोळे मिटून उकिडवं बसायचं. आमचे मिस्त्री असे बसले की त्यांना कुणी हाक मारलेली चालत नसे. शेजारी कॉम्प्रेसर धडधडत असायचा, बाहेर दुधाचे कॅन आदळत असायचे, आणि त्या गदारोळात हा माणूस एक बारीकसा ‘टक्’ शोधत असायचा. तो सापडला की डाव्या हाताचं एक बोट वर व्हायचं.

“आला निरोप.”

“कुणाचा निरोप, मिस्त्री?”

“आतल्याचा. आतलं म्हनतंय, गार झालो, आता बास करा.”

तुमच्यापैकी ज्यांनी डेअरीत, बर्फाच्या फॅक्टरीत, साखर कारखान्यात दिवस काढले आहेत त्यांनी असा एखादा माणूस पाहिला असेल. त्याला हुद्दा नसतो. पगारपत्रकात तो कुठेतरी तळाला असतो. पण यंत्र बंद पडलं की साहेबापासून हमालापर्यंत सगळे त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसतात.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्याला कारण आहे, ते पुढे सांगतो. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ते माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे होते, तरी मी त्यांना अरे-तुरे करत असे आणि ते मला साहेब म्हणत. आज लिहिताना मी ‘ते’ लिहितो आहे. तेव्हा मी तसं म्हणत नव्हतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडूजच्या पुढे माळावर आमच्या दूध संघाचं चिलिंग सेंटर होतं. आजूबाजूच्या गावांचं दूध सकाळ-संध्याकाळ तिथे यायचं, गार करून टाकीत साठवलं जायचं आणि टँकरने पुढे जायचं. मी तिथे सुपरवायझर. वय सव्वीस. घरचा ऊस, थोरला भाऊ फौजेत, आणि माझ्याकडे डिप्लोमाचा कागद. कागद होता म्हणून खुर्ची होती. अमोनियाच्या यंत्रातलं आणि वायरिंगमधलं मला जे काही कळायचं ते मिस्त्रींनी शिकवलेलं.

मिस्त्री बुटके, काटक. पंधरा वर्षं फौजेत काढलेली. तिथेच लष्करी दवाखान्यांच्या शीतगृहांवर हे काम शिकले. सुटून आल्यावर काही वर्षं मिरजेच्या बर्फाच्या फॅक्टरीत होते, मग आमच्याकडे आले. बायको आणि लहान मुलगी सांगलीत. हे केंद्रामागच्या पत्र्याच्या खोलीत एकटे राहायचे. आमच्याकडे ते रोजंदारीवर होते. कायमची ऑर्डर मिळाली की बिऱ्हाड आणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. वडूजला एक खोलीही बघून ठेवली होती.

“खिडकी हाय खोलीला,” ते सांगायचे. “पोरीला अभ्यासाला बरं.”

“पोरगी केवढी आहे?”

“अजून चालत न्हाई. पन खिडकी आदी बघाय लागती.”

थर्मोस्टॅट म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांना मिस्त्रींच्याच शब्दांत सांगतो. “घरातली थोरली सून. सगळं तिच्या ध्यानात असतंय. दिसभर बोलत न्हाई, पन एकदा बोलली की चूल पेटती न्हाईतर इझती.” भिंतीवर एक डबा असतो. त्याच्यातून केसासारखी बारीक तांब्याची नळी निघते. नळीच्या टोकाला बोटाएवढी कांडी, आत वायू भरलेला. कांडी दुधापाशी ठेवायची. दूध तापलं की वायू फुगतो, डब्यातलं बटण दाबलं जातं, गार पाण्याचा पंप सुरू. दूध गार झालं की वायू आकसतो, पंप बंद. सगळा खेळ कांडी कुठे ठेवली यावर.

डबा विकत आणला की त्याच्या तबकडीवर कंपनीचे आकडे असतात. मिस्त्रींचा त्या आकड्यांवर विश्वास नव्हता. त्यांच्याकडे फौजेतला एक इनॅमलचा मग होता. त्यात बर्फाचा चुरा आणि पाणी घालायचे, कांडी बुडवायचे आणि स्क्रूड्रायव्हर कानाला लावून तबकडी अगदी हळू फिरवायचे. निरोप आला की त्या जागी खिळ्याने ओरखडा.

“हे शून्य,” म्हणायचे. “बाकीचं छापलेलं हाय.”

त्याच मगातून ते चहा प्यायचे. कॅन्टीनच्या कपातून त्यांना चहा घेताना मी कधी पाहिलं नाही. पोऱ्या वरून ओतायचा, हे मग पुढे धरायचे. आम्ही ती फौजेतली सवय समजत होतो. म्हणजे तसं समजणं आमच्या सोयीचं होतं.

मिस्त्री बौद्ध. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली होती. केंद्रात याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. न बोलता सगळं ठरल्यासारखं चालायचं. ते कॉम्प्रेसरला हात लावत, पंपाला लावत, विजेच्या खांबावर चढत. दुधाच्या कॅनला मात्र त्यांचा हात लागत नसे, आणि त्यांना कुणी तसं सांगितलेलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात दूध वाढलं. संघाने दुसऱ्या एका डेअरीने काढून टाकलेली मोठी टाकी आणली. टाकी चांगली होती, पण कांडी ठेवायची आतली नळी गायब होती. मिस्त्रींनी स्टीलच्या पाइपची नळी केली, खालचं तोंड बंद केलं, टाकीच्या खांद्याला जुळेल असा तिला बाक दिला. ही नळी टाकीच्या आत उतरून भिंतीला आवळायची आणि मग वरून तिच्यात कांडी सोडायची होती. सकाळी टाकी धुऊन झाली. मिस्त्रींनी पाय धुतले आणि शिडीला हात घातला, तेवढ्यात चेअरमन आले.

चेअरमन वाईट माणूस नव्हता. आवाज कधी चढवत नसे. त्यांनी मला बाजूला घेतलं.

“मिस्त्रीला भायेरचं बघू द्या. आत तुमी उतरा.”

“मला ते काम येत नाही, अण्णा.”

“तो सांगंल की वरनं. आवं, दुधाचं काम हाय. उद्या कुनाच्या तरी मनात आलं, तर कुनाकुनाचं तोंड धरायचं?”

मी परत आलो. काही सांगावं लागलं नाही. मिस्त्रींनी शिडीवरचा हात आधीच काढून घेतला होता. त्यांनी पक्कड माझ्या हातात दिली आणि एकेक सांगायला सुरुवात केली.

“कांडीपासनं मोजून वर, केसनळीला तांबडा दोरा बांधलाय. कांडी तळाला टेकली की दोरा नळीच्या तोंडाशी येनार. तवर सोडत ऱ्हायचं. जोर लावायचा न्हाई. अडली तर वर घ्या, जरा फिरवा, परत सोडा. तान्ह्या पोराचा हात आंगड्यात घालतो तसं.”

“आणि टेकली नाही तर?”

“टाकी भरलेली असली तर काय कळनार न्हाई. रिकामी झाली की ती हवेत लोंबकळनार. मग ती दुधाचं न सांगता हवेचं सांगनार.”

हे त्यांनी मला सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं. पुढे मी बरीच वर्षं स्वतःला समजावत राहिलो की मला ते माहीत नव्हतं.

मी उतरलो. आत गरम पाण्याची वाफ, आणि बोललेलं चारी बाजूंनी परत अंगावर यायचं. नळी पट्टीने भिंतीला आवळून झाली. कांडी सोडली. बाकापाशी अडली. वर घेतली, फिरवली, सोडली. परत अडली. तांबडा दोरा नळीच्या तोंडापासून चांगला दीड हात वर राहिला होता. मी तो पाहिला. नीट पाहिला.

बाहेरून चेअरमनांचा आवाज आला, “झालं का? गाड्या यायच्या झाल्या.”

झाकणातून मिस्त्री वाकून म्हणाले, “टेकली का, साहेब?”

“टेकली.”

“दोरा कुटवर आला?”

“तोंडाशी.”

“एकडाव परत बघा.”

“टेकली म्हणतोय ना रे.”

मी दोऱ्याची गाठ सोडली आणि दोरा खिशात टाकला. उरलेली केसनळी गुंडाळून पट्टीमागे दडपली. बाहेर आलो तेव्हा चेअरमन हसले आणि म्हणाले, “शिकला की तुमी बी.”

आत गुदमरत होतं हे खरं, पण ते कारण नाही. आणखी पाच मिनिटं सहज काढता आली असती. ते काम मला माझं वाटलंच नव्हतं. ते मिस्त्रींचं काम होतं, चुकलं तर त्यांचं चुकणार होतं. मी हे मनाशी शब्दांत म्हटलं नाही, पण ते तिथे होतं.

टाकी पाण्याने काठोकाठ भरून चाचणी घेतली. कांडी पाण्यात बुडालेली, त्यामुळे सगळं बरोबर चाललं. मिस्त्रींनी डोळे मिटून ऐकलं, बोट वर केलं. मग मी कामाची वही पुढे केली. मी लिहिलं होतं: नवीन टाकीत कांडी बसवली, काम करणार इलेक्ट्रिशियन.

त्यांनी वाचलं. “काम तुमी केलं, आन सई माजी?”

“इलेक्ट्रिशियनचीच लागते. आणि तू बाहेर होतास असं कसं लिहू? का होता, असं वरच्या ऑफिसने विचारलं तर?”

त्यांनी पेन घेतलं. “व्हय. ते बी खरं हाय,” म्हणाले, आणि सही केली.

त्यांनी त्या टाकीला आपण होऊन एक जास्तीची सोय केली. रात्रपाळीच्या माणसाला दर तासाला शिडी चढून दुधाचं तापमान बघायला लागायचं. तो म्हातारा होता, त्याचे गुडघे दुखायचे. मिस्त्रींनी पंपाच्या तारेवर एक लहान दिवा लावून दिला. दिवा लागला म्हणजे पंप चालू आहे, विझला म्हणजे दूध गार झालं. म्हातारा खूश झाला. खुर्चीत बसून दिवा बघायचा आणि वहीत आकडा लिहायचा.

हिवाळा पार पडला. टाकी रोज भरत होती. चैत्र लागला तसं दूध आटायला लागलं. माळावर चारा नाही, जनावरं सुकलेली, आणि ऊन मी म्हणत होतं. एका संध्याकाळी टाकीत निम्म्याहूनही कमी दूध आलं.

सकाळी टँकरच्या ड्रायव्हरने झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. मी वास घेतला. दूध नासलं होतं. रात्रभर दिवा विझलेला होता आणि म्हाताऱ्याच्या वहीत सगळे आकडे उत्तम होते. कांडी वरच्या वर, टाकीच्या गार भिंतीलगत हवेत लोंबकळत होती. तिने हवेचा निरोप दिला होता. खाली दूध कोमटच राहिलं होतं.

ते दूध ओढ्यात सोडलं. पाण्याचा टिपूस नसलेल्या ओढ्यातून पांढरा ओघळ गावाच्या दिशेने गेला. कॅन घेऊन आलेले लोक काठावर उभे राहून बघत होते. उन्हाळ्यात वैरण विकत आणून जनावर दुभतं ठेवलेली माणसं ती. कुणी ओरडलं नाही. एक बाई तेवढी खाली बसली. मग मागून कुणीतरी म्हणालं, “हात घातला असंल त्यानं.” दुसरा म्हणाला, “मग दूध ऱ्हातंय व्हय?” इतकंच. दुपारपर्यंत ते चार गावांत पोचलं होतं.

मिस्त्री यंत्रघरात मला एकटं गाठून उभे राहिले.

“टाकी निम्मीच हुती न्हवं काल?”

“हो.”

“साहेब, दोरा खरंच तोंडाशी आलता?”

“आला होता.”

“मला आत सोडा. एकडाव बघतो. कुनाला सांगत न्हाई.”

“आता? बाहेर एवढी माणसं असताना?”

त्यांनी मान हलवली. मी निघालो तर म्हणाले, “मग तुमीच बघा की जरा.”

मी बघितलं. टाकी धुण्याच्या निमित्ताने दुपारी आत उतरलो. आता घाई नव्हती. कांडी वर घेतली, फिरवली, सोडली. तिसऱ्या खेपेला बाकातून सरकली आणि तळाला टेकली. त्यांनी सांगितलं होतं तशीच, अलगद. उरलेली केसनळी सरळ केली. बाहेर येऊन मिस्त्रींना सांगितलं, “जागेवर आहे.” मी खोटं बोलत नव्हतो. त्या क्षणी ती जागेवरच होती.

ते माझ्या हातांकडे बघत होते. हात ओले होते. माझी खात्री आहे, त्यांना सगळं तेव्हाच कळलं.

दोन दिवसांनी वरच्या ऑफिसातून इंजिनियर आला. चेअरमनच्या खोलीत आम्ही चौघे होतो. इंजिनियर, चेअरमन, मी आणि मिस्त्री. मिस्त्री उभे. इंजिनियरने डबा काढून टेबलावर ठेवला होता.

“हा ओरखडा कुणी मारला?”

“मी, साहेब. बर्फात शून्य बघून.”

“कंपनीचा आकडा चुकीचा आणि तुझा खिळा बरोबर?”

“व्हय, साहेब.”

इंजिनियर हसला. चेअरमनही थोडे हसले. मी हसलो की नाही, ते आठवत नाही. “कांडी जागेवर आहे,” इंजिनियर म्हणाला. “म्हणजे दोष सेटिंगचा. सेटिंग तुझं.”

“कांडी आज हाय जाग्यावर,” मिस्त्री म्हणाले.

“म्हणजे?”

“बसवताना मी आत नव्हतो. आत सुपरवायझर साहेब उतरले हुते.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेअरमनांनी नाही. ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांना सगळं ठाऊक होतं, त्यांनीच मला उतरवलं होतं. पण वरच्या ऑफिसच्या माणसासमोर ते कारण उच्चारणं त्यांनाही शक्य नव्हतं. कायद्याने तो गुन्हा होता. मला एक वाक्य बोलायचं होतं. आत मी होतो. एवढंच.

मी म्हणालो, “टाकी नीट धुतली का ते बघायला मी उतरलो होतो. कांडी मिस्त्रीने बसवली. वहीत सही आहे त्याची.”

आता त्या वाक्याने काय केलं ते बघा. गावात कुजबुज होती की याने टाकीत हात घातला. ती नुसती कुजबुज होती. मी साक्ष देऊन ती खरी केली. माणूस बाहेर उभा होता, मी त्याला माझ्या शब्दाने टाकीत उतरवलं. आता ते ‘होय, मी उतरलो’ म्हणाले असते तर गावाचे गुन्हेगार. ‘नाही’ म्हणाले तर वहीतली सही खोटी.

इंजिनियरने विचारलं, “बोल. आत कोण उतरलं होतं?”

मिस्त्रींनी टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “सायबांनी सांगितलंय न्हवं.”

त्या दिवशी मी खोटं बोललो.

रोजंदारीच्या माणसाला काढायला कागद लागत नाही. संध्याकाळच्या एस.टी.ने ते जाणार होते. ट्रंक घेऊन माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं, आता बोलतील. मी तयारही होतो, म्हणजे शिव्या ऐकायला तयार होतो.

“पंपाच्या बेअरिंगला पंदरा दिसांनी ग्रीस द्यायला सांगा,” ते म्हणाले. “न्हाईतर आवाज करंल.”

स्टँडवर चार-पाच जणांनी त्यांना अडवलं. मी तिथे नव्हतो. मी केंद्रातच बसून होतो आणि तसं काही होईल असं मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ऐकलं, की फार मारलं नाही, कानाखाली चार-दोन लगावल्या आणि एस.टी.त बसवून दिलं. सांगणारा म्हणाला, “फौजी असून हात उचलला न्हाई गड्यानं.” टाकी गोमूत्राने धुतली. रात्रपाळीच्या म्हाताऱ्याने दिवा काढू दिला नाही, तो पुढे कित्येक वर्षं तसाच होता.

दोनेक वर्षांनी आमच्या विहिरीवरची मोटर जळाली. फौजेतून सुटून आलेल्या भावाने सांगितलं, सांगलीत वखारभागात एक जण उत्तम वाइंडिंग करतो. मी मोटर घेऊन गेलो. बोळातल्या दुकानात खाली पोत्यावर बसून मिस्त्री तार गुंडाळत होते. मला बघून उठले.

“या, साहेब.”

मी काहीतरी बोललो. ते पुढे झुकले आणि डावा कान माझ्याकडे केला. “ह्या बाजूनं बोला. तिकडनं ऐकू येत न्हाई आता.”

“केव्हापासून?”

“झाली की दोन वर्सं.”

दुकानाचा मालक ऐकत होता. मी विचारलं, “थर्मोस्टॅटचं काम सोडलं?”

“त्याला कान लागतोय. ह्याला नुसतं डोळं लागत्यात.” मग तारेचं रीळ उचलून म्हणाले, “आन तांब्याला कोन कुनाचं शिवलं, काय कळत न्हाई. बरं पडतंय.”

मालक हसला, त्याला काही संदर्भ नव्हता. मी मोटर ठेवली. न्यायला भावाला पाठवलं. मोटर पुढे बारा वर्षं चालली.

मी त्याच केंद्रातून मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. मिस्त्री वारल्याचं मला वर्षभराने कळलं.

हे सगळं मी असंच घेऊन गेलो असतो. पण गेल्या वर्षी संघाने स्मरणिका काढायचं ठरवलं आणि छापण्याआधी मजकूर जुना माणूस म्हणून माझ्याकडे पाठवला. त्यात ‘आठवणी’ या सदरात एक परिच्छेद होता. एका कर्मचाऱ्याने मनाई असताना टाकीत उतरून यंत्रात फेरफार केले आणि सगळं दूध ओढ्यात सोडावं लागलं, असा. खाली मिस्त्रींचं पूर्ण नाव. लिहिणाऱ्या तरुणाला ते कामाच्या वहीत आणि माझ्या त्या वेळच्या अहवालात सापडलं होतं. त्याने काहीच खोटं लिहिलं नव्हतं. त्याने मलाच शब्दशः उतरवून घेतलं होतं.

मी संघात जाऊन सचिवांना खरं काय ते सांगितलं. माझ्या मुलाच्या वयाचे गृहस्थ. शांतपणे ऐकून म्हणाले, “काका, आनंदाचा प्रसंग आहे. आपण तो परिच्छेदच काढून टाकू.”

“काढू नका. दुरुस्त करा.”

“कशाला आता? त्यात आपल्याच चेअरमन अण्णांचं नाव येतं. लोकांच्या भावना असतात.”

परिच्छेद गेला. स्मरणिका चांगली निघाली. मग मी हे लिहायला घेतलं, आणि लिहून झाल्यावर सांगलीला गेलो.

त्यांची मुलगी तिथे शाळेत मराठी शिकवते. पन्नाशी उलटलेली. दारात मी माझं नाव सांगितलं. तिने ते ओळखलं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिने आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. तो बाजूला सारून तिने माझे कागद घेतले आणि पहिल्यापासून वाचायला बसली. मध्ये एकदाही मान वर केली नाही. मी भिंतीकडे बघत राहिलो. तिथे बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याखाली लष्करी गणवेशातला, मला कधी न दिसलेला, तरुण मिस्त्री.

वाचून झाल्यावर म्हणाली, “बाबांचं नाव काढा यातून.”

“पण त्यांचं नाव स्वच्छ व्हावं म्हणूनच...”

“त्या दुधाच्या गोष्टीत त्यांचं नाव एकदा येऊन गेलंय. पुन्हा नको. तुमचं राहू दे.”

“ते काही म्हणायचे का? माझ्याबद्दल?”

“नाही,” ती म्हणाली. मग कागद नीट लावत म्हणाली, “तुमची वाट बघायचे. तुम्ही मोटर न्यायला येणार म्हणून त्या दिवशी नवा शर्ट घालून दुकानात गेले होते. आई सांगायची.”

भाऊ आला होता त्या दिवशी.

तिने लाल पेन उचललं. जिथे जिथे नाव होतं तिथे काट मारून ‘मिस्त्री’ लिहिलं. चौकशीच्या पानावर आल्यावर तिचा हात थांबला. तिथे शेवटी मी लिहिलं होतं, ‘त्या दिवशी माझ्याकडून चूक झाली.’ तिने ते वाक्य खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘त्या दिवशी मी खोटं बोललो.’

“बाकी ठीक आहे,” ती म्हणाली, आणि पुढची उत्तरपत्रिका ओढून घेतली.